आळीपाळीचा संशय

"संशय सगळ्यांवर घ्यावा, पण आळीपाळीनं," असं दुरुस्तीवाल्या आत्या नेहमी म्हणायच्या. रेडिओपासून कॉम्प्युटरपर्यंत काय काय त्यांच्या हाताखालून गेलं होतं, पण पटकन विश्वास त्यांनी कशावरच ठेवला नव्हता. दुकानदाराने नवी म्हणून दिलेली वायरसुद्धा त्या आधी हुंगून बघत.

त्या दिवशी बोलावणं आलं ते एका सासऱ्यांचं. त्यांची सून घरी बसून छपाईसाठी कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावायची. तिचा लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर मनात येईल तेव्हा थिजायचा. स्क्रीनवरचा बाण जागच्या जागी गोठायचा आणि केलेलं काम पाण्यात जायचं. कधी अर्धा दिवस गुण्यागोविंदाने चालायचा, कधी कामाला बसताक्षणी दगा द्यायचा.

"मी पत्ते खेळतो तेव्हा बरा चालतो," सासरे म्हणाले. "हिच्याच हाताला काय होतं कोण जाणे. काहीतरी भलतंसलतं उतरवून घेत असणार. आज दोष सापडला नाही, तर देऊन टाकतो कुणाला तरी. मुलालाही कळवलंय."

कॉम्प्युटर गेला की सुनेचं कामही गेलं.

"दादा, संशय तर माझा तुमच्यावरही आहे," आत्या म्हणाल्या. "पत्ते खेळणारा माणूस सरळ असतो, असं कुणी सांगितलं?"

उजेडासाठी त्यांनी टेबलामागच्या खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि खिडकीला टेकलेला कॉम्प्युटरचा डबा उघडला. मेमरीच्या पट्ट्या काढून एकेक लावून तपासल्या. धड होत्या. मग लिनक्सची जुनी आवृत्ती चालवून पाहिली, पुन्हा नवी चालवली. कुठे काही अडेना. सगळेच साव निघाल्यावर आत्यांचे डोळे आणखी बारीक झाले.

"आता तू बस," त्या सुनेला म्हणाल्या. "रोज बसतेस तशीच. माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस."

सासरे बाहेर व्हरांड्यात, खिडकीसमोरच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले. सुनेने हात लांब करून पडदा ओढला आणि काम सुरू केलं. पंख्याचा आवाज हळूहळू चढत गेला, आणि बाण थिजला.

"बघा, अडकला ना?" बाहेरून आवाज आला.

आत्या पडद्याकडे वळल्या. "दादा, पडदा ओढलेला असताना तुम्हाला कसं दिसलं?"

पडद्याच्या फटीतून डोकावणारी मान मागे गेली आणि वर्तमानपत्र सळसळलं.

आत्यांनी डब्यामागे हात घातला. हवेच्या जाळीला पडदा घट्ट चिकटला होता, आणि डबा तव्यासारखा तापला होता.

"पडदा कशाला ओढतेस गं?"

"मान वर केली की बाबा दिसतात," सून हळूच म्हणाली.

आत्यांनी पडदा सारला. डबा निवल्यावर सुनेने पुन्हा तेच काम लावलं, आणि ते बिनबोभाट चाललं. पडदा परत सोडला. पंखा धापा टाकू लागला, बाण थिजला. तेव्हा कुठे आत्यांना पटलं.

सासरे दारात आले. "मग? काय बदलायचं?"

"खुर्ची."

"हिची?"

"तुमची. व्हरांड्याच्या त्या टोकाला न्या."

सासऱ्यांनी एकदा सुनेकडे, एकदा आत्यांकडे पाहिलं आणि मुकाट्याने खुर्ची फरफटत नेली.

आत्यांनी पिशवी उचलली. फाटकाबाहेर पडून कडी लावली, लागली का म्हणून हलवून पाहिली आणि मग सावकाश निघाल्या. सून खिडकीतून त्यांच्याकडे बघत होती. पडदा तिने बाजूला बांधून टाकला होता. व्हरांड्याच्या त्या टोकाकडून सासरेही बघत होते. तिथून आता रस्ताच तेवढा दिसत होता.