‘येते’ला इंग्रजीत काय म्हणतात

कराडहून निघताना मी अप्पांना ‘येते’ म्हटलं होतं. टॅक्सी दारात उभी होती, भाऊ बॅगा आत कोंबत होता आणि माझे वडील काठी टेकून पायरीवर उभे होते. मी वाकून नमस्कार केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘‘ये.’’ लहानपणी शाळेला पळताना तोंडून चुकून ‘जाते’ निघालं, की हेच अप्पा मला फाटकातून परत बोलवायचे. ‘‘जाते नाही, येते म्हण.’’ मग ‘येते’ म्हणायचं आणि जायचं. या वेळी मी सहा महिन्यांसाठी चालले होते, सुनेची रजा संपली म्हणून नातीला सांभाळायला. नात आता पाच वर्षांची होईल.

कराडमधल्या माझ्या शिवणक्लासच्या मैत्रिणींसाठी हे लिहितेय, आणि मुलांच्या मागे माझ्यासारख्या इथं येऊन बसलेल्यांसाठीही. तुम्हाला वाटतं मी अमेरिकेत मजेत आहे. मजेत नाही. घर चांगलं आहे, मुलगा-सून चांगली आहेत, पण मी वैतागलेली आहे.

आमच्या गावाचं नाव शुगर लँड. कराडच्या बाईला वाटावं, आजूबाजूला ऊस असेल, निदान मळीचा वास तरी येईल. एकेकाळी होता म्हणतात ऊस. आता उसाचं एक कांडं दिसेल तर शपथ. लांबच लांब रस्ते, घामानं चिकचिकवणारी हवा, आणि गाडी येत नसेल तर माणूस घरातल्या फ्रीजसारखा जागच्या जागी. कराडला मी पंधरा पोरींना ब्लाउज शिकवत होते. इथं शेजारीण ‘हाऊ आर यू’ म्हणाली, तरी मला क्रियापद शोधावं लागायचं.

निखिल, माझा मुलगा, म्हणाला, ‘‘आई, घरात बोअर होतेस ना, ईएसएलचा क्लास जॉइन कर. फ्री असतो.’’ म्हणून मी लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसले. तिथं गेल्यावर कळलं, की वर्गात मी सोडून सगळे स्पॅनिश बोलणारे. डेबीबाई, म्हणजे आमच्या शिक्षिका, काळ शिकवायच्या तो आधी स्पॅनिशमध्ये सांगून. फळ्यावर डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे इंग्रजी. सगळ्यांच्या माना डोलायच्या आणि मी मुखदुर्बळासारखी बघत बसायची. इंग्रजी शिकायला आधी स्पॅनिश शिकावं लागतंय, हे मी केतकीला, माझ्या सुनेला, सांगितलं तर ती पोट धरून हसली. मला काही हसू आलं नाही.

पण एक सांगते, स्पॅनिश आपल्या वळणाची निघाली. त्यांच्यातही ‘मी’ म्हणायची गरज नाही, क्रियापदाचं शेपूटच सांगतं कोण ते. इंग्रजीत शेपूट एकच, तो मेला ‘एस’, आणि तोही ‘ही’, ‘शी’, ‘इट’ला. मी आणि लुपे, आम्ही दोघी तो ‘एस’ हमखास विसरायचो. लुपे म्हणजे मेक्सिकोची, बेकरीत काम करणारी माझी बाकावरची सोबतीण. तीच मला गाडीतून घरी सोडायची. आम्हा दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं फार छान जमायचं.

एकदा मी बाहेर पाणी प्यायला गेले होते. डेबीबाईंनी माझं नाव त्यांच्या पद्धतीनं लांबवून हाक मारली, ‘‘सुलाभा!’’ मी तिथूनच ओरडले, ‘‘आय केम! आय केम!’’ वर्ग हसला. डेबीबाई म्हणाल्या, ‘‘इफ यू केम, व्हाय आर यू इन द हॉलवे?’’ आता यांना काय सांगू? गॅसवर दूध असलं आणि कोणी हाक मारली, की आपण जागचं न हलता ‘आले, आले’ म्हणतोच ना! पण इंग्रजीत आले म्हणजे आले. तिथं पाऊल टाकल्याशिवाय भूतकाळ मिळत नाही.

मग ‘लिव्ह’ आणि ‘लिव्हिंग’वरून भांडण झालं. मी म्हणाले, ‘‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन शुगर लँड.’’ डेबीबाईंनी दुरुस्त केलं. ‘अ‍ॅम लिव्हिंग’ हे तात्पुरतं, पाहुणी असलात तर. कायमचं असेल तर ‘आय लिव्ह’. किती वर्षं झाली, म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सांगितल्यावर हसून म्हणाल्या, ‘‘देन यू लिव्ह हिअर.’’ मी ऐकलं नाही. तासभर हट्टानं ‘अ‍ॅम लिव्हिंग’च म्हणत राहिले. ही बाई कोण मला कायमची इथं बसवणारी?

त्या दिवशी गाडीतून उतरताना मी लुपेला विचारलं, तुमच्यात घरातून निघताना काय म्हणतात? ती म्हणाली, ‘‘आओरीता वेंगो.’’ आत्ता येते. जायच्या वेळी! मी तिला टाळीच दिली. ती हसली, मग सांगू लागली. तिनं आईला ते म्हटल्याला अकरा वर्षं झाली होती. तिच्या कागदपत्रांचं काहीतरी अडलेलं आहे, गेली तर परत येता येणार नाही. ‘‘यू कॅन गो,’’ ती मला म्हणाली. ‘‘व्हाय यू नो गो?’’ मी ‘बाय’ म्हणून गाडीचं दार लावलं.

दर रविवारी अप्पा फोनवर विचारायचे, ‘‘निघालीस का?’’ आणि मी म्हणायची, ‘‘आलेच, अप्पा.’’ त्यांना वाईट वाटू नये म्हणून. मग एकदा भाऊ वेगळा फोन करून म्हणाला, ‘‘ताई, त्यांना आलेच म्हणत जाऊ नकोस. फोन ठेवला की ते पायरीवर जाऊन बसतात. अंधार पडला तरी आत यायला तयार नसतात. ताई आलेच म्हणाली, म्हणतात.’’

मी फोन ठेवला. मग राग आला. निखिलचा आला. हा पोरगा दर वर्षी म्हणतो, ‘‘आई, डोन्ट वरी, समरमध्ये जाऊ आपण.’’ समर येतो, प्रोजेक्ट येतं, नातीचं स्विमिंग येतं, की ‘‘विंटरमध्ये नक्की जाऊ.’’ जाऊ, बघू, करू. माझं सगळं आयुष्य या ‘ऊ’वर लटकलेलं. अप्पा तिकडे पायरीवर.

पुढच्याच तासाला डेबीबाईंनी भविष्यकाळ घेतला. ‘आय विल गो’ म्हणजे जाईन, मनात आहे. पण सगळं ठरलं असेल, हातात तिकीट असेल, तर ‘आय अ‍ॅम गोइंग’. जायचं पुढे असलं तरी वर्तमानकाळ. मी हात वर करून पुन्हा विचारलं. तिकीट असेल तर? ‘‘येस, सुलाभा. इफ यू हॅव द टिकेट.’’ पहिल्यांदाच इंग्रजीचा एक नियम मला पटला.

त्या आठवड्यात मी भावाच्या मुलाला फोन करून तिकीट काढायला लावलं. रात्री जेवताना निखिलला म्हणाले, ‘‘आय अ‍ॅम गोइंग टु कराड.’’

तो पोळी मोडता मोडता म्हणाला, ‘‘आई, विल गो म्हण.’’

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘आय अ‍ॅम गोइंग.’’ आणि फोनवरचं तिकीट त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यानं पोळी खाली ठेवून ते वाचलं. केतकी म्हणाली, ‘‘बरोबर केलंत, आई. हा कधीच बुक करणार नव्हता.’’

लुपेनं मला पाव भाजून दिले, अप्पांसाठी. निघताना ईरा, माझी नात, दाराशी चिकटून उभी. मी म्हणाले, ‘‘येते हं, बाळा.’’

‘‘बट यू आर गोइंग, आजी.’’

‘‘जाते नाही, येते म्हणायचं असतं,’’ मी दरडावलं. आवाज अगदी अप्पांचा निघाला. मला तिथंच रडू फुटलं. ‘येते’ म्हणून निघावं लागतं ते घर, असं धरलं, तर माझी दोन झाली. एकात असताना दुसऱ्या दारात कुणीतरी वाट बघणार. याचं सुख वगैरे मला काही वाटत नाही, मला याचा संतापच येतो. पण खोटं कशाला बोलू, ‘येते’ मी दोन्हीकडे मनापासूनच म्हटलं.

विमानतळावर बॅगा देऊन झाल्या आणि मी कराडला फोन लावला. अप्पांनी नेहमीचंच विचारलं.

‘‘निघालीस का?’’

‘‘निघाले,’’ मी म्हणाले. ‘‘आज बसू नका पायरीवर. परवा बसा.’’