शेषराव मिस्त्रीचा पावडरचा डबा

शेषराव मिस्त्री गेला ही बातमी आली तेव्हा मी हट्टा गावात एका जुन्या जीपखाली उताणा पडलो होतो. जीप विकणारा माझ्या पायांपाशी उभा राहून गाडीचे गुण सांगत होता आणि मी चेंबरच्या कडेवरून बोट फिरवत होतो. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारी जी लोखंडी परात असते, तिला आमच्याकडे चेंबर म्हणतात. बोट ओलं झालं आणि तेवढ्यात फोन वाजला. माझ्या मुलीचा होता. "बाबा, शेषरावकाका गेले. सकाळी चहा पिऊन राह्यले होते, तिथंच…" मी तसाच पडून राहिलो. डोळ्यांसमोर एका बोल्टच्या टोकाशी तेलाचा थेंब जमत होता, जड होत होता, पडत मात्र नव्हता. अशा वेळी म्हणे माणसाला जुन्या आठवणी दाटून येतात. मला आला तो राग. मनात आलं, आता हा माणूस तो शब्द कधीच बोलणार नाही. मी उठलो, कपडे झटकले आणि सौदा अर्धवट टाकून निघालो. तीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा.

तो शब्द म्हणजे 'कोरडी'. त्याच्या तोंडून तो काढून घ्यायचा म्हणून मी आठ वर्षं घालवली होती.

आम्ही दोघं मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एकाच वॉर्डातले, विहाराच्या मागच्या गल्लीतले. तो हाताने हुशार, मी तोंडाने. त्याने बस स्टँडच्या रस्त्यावर गॅरेज टाकलं. मी आधी सवारी जीपच्या मागे लटकून "तिरोडी, तिरोडी" ओरडत होतो, मग स्वतःची जीप घेतली, मग जुन्या गाड्या घेऊ-विकू लागलो. माझ्या पाठीशी ना शेती होती ना कोणाची शिफारस. जीभ होती, तिच्यावर घर उभं केलं. आठवड्यातून दोनदा मी शेषरावाकडे जेवायचो. सुमनवहिनी अंबाडीची भाजी करायच्या आणि तो ताटावर बसूनही गाड्यांबद्दलच बोलायचा. तेलाची गळती शोधण्यात त्याचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नव्हता. बाकीचे मिस्त्री तेल खाली दिसलं की खालचं पॅकिंग बदलून मोकळे व्हायचे. शेषराव आधी सगळं इंजिन डिझेलने धुवायचा, कापडाने पुसून सुकवायचा. मग तोंडाला लावायच्या पावडरचा एक जुना डबा काढायचा. त्यात खडूची बारीक भुकटी भरलेली असायची. इंजिनावर ती पांढरीशुभ्र भुरभुरायची, गाडी चालू करायची आणि चहा सांगायचा. चहा संपेपर्यंत पांढऱ्यावर काळी रेघ उमटायची. "तेल दिसते तिथून येत नाही गा," तो म्हणायचा. "धावत्या गाडीचा वारा त्याले मागं नेते. सगळ्यात वरची अन् सगळ्यात समोरची काळी जागा पाह्य." या डब्याची कीर्ती गावभर मीच पसरवली होती. त्याचाच मला पुढे फटका बसला.

आठ वर्षांपूर्वी मी माझी स्वतःची जीप विकायला काढली. बारा वर्षं ती तिरोडीच्या रस्त्यावर धावली होती. गिऱ्हाईक माझ्या व्याह्यांनी आणलं होतं, कटंगीचे एक निवृत्त गुरुजी. व्याह्यांनी त्यांना सांगितलं होतं, आमचे इवाई, म्हणजे व्याही, आहेत, डोळे मिटून घ्या. मी इंजिन असं धुतलं होतं की त्यात तोंड दिसावं. तेल गळत होतं, हे खरं. पण जुन्या जीपचं तेल गळणं हा दोष आहे असं तोवर आमच्याकडे कोणी मानत नव्हतं, आणि मी तर अजूनही पुरतं मानत नाही. गुरुजी म्हणाले, "एक बार मिस्त्री को दिखा लेते हैं." मी खुशीने त्यांना शेषरावाकडे नेलं. घरचाच माणूस! त्याला मी डोळाही मारला. त्याने तो बघितला, आत गेला आणि डबा घेऊन आला. पावडर भुरभुरून झाल्यावर मला म्हणाला, "वसंता, चहा सांग." माझ्या फजितीचा चहा मीच सांगितला.

पहिली रेघ समोरच्या पुलीपाशी आली. दुसरी वरच्या झाकणाच्या, टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यातून. तिसरी मी बघितलीच नाही. शेषरावाने हात पुसले आणि म्हणाला, "गुरुजी, हे जीप नाही जी, चाळणी आहे." गुरुजी हसले. बाजूला उभे असलेले दोन ड्रायव्हर हसले. आणि माझे व्याही, ज्यांच्या घरी मी मुलगी दिली, ते पोट धरून हसले. मला बाजूला घेऊन तो म्हणाला असता की वसंता, गुरुजीले खरं सांगून टाक, तर मी सांगितलं असतं. बहुतेक सांगितलं असतं. त्याने बाजूला घेतलं नाही. माझी तक्रार तेव्हा हीच होती आणि आज हा लेख लिहितानाही हीच आहे. आठवड्याच्या आत मी गाड्यांचे कागद घेऊन आरटीओच्या दफ्तरात गेलो तर खिडकीमागून आवाज आला, "आओ, छलनी सेठ आ गए!" हे नाव आजतागायत मला चिकटून आहे.

त्या दिवशी तिथंच, सगळ्यांदेखत मी त्याला म्हणालो, "शेषराव, याच जागी, याच लोकायसमोर, याच पावडरीवर तुझ्या तोंडून कोरडी म्हणवून घेईन. नाही घेतलं तर बापाचं नाव सांगणार नाही."

"ये ना गा," तो म्हणाला. "डबा मी ठेवतो."

जीप मी विकली नाही. आधी गोंदियाच्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याने सगळ्या जोडांवर पेस्ट थापून दिली, ती उन्हाळा लागेपर्यंत टिकली. मग ठरवलं, दुसऱ्याच्या हाताने घेतलेला बदला आपला नसतो. अंगणात जीप विटांवर चढवली आणि पान्हे घेऊन स्वतः बसलो. बोल्ट जितका आवळावा तितकं तेल थांबेल असं मला वाटायचं. माणसांशीही मी तेच करत आलो होतो. चेंबरचं कॉर्कचं पॅकिंग मी इतकं आवळलं की ते कडेने बाहेर आलं आणि तडकलं. हलक्या हाताने, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे घेत आवळायला मला एक वर्ष लागलं. पुलीच्या मागचं ऑइल सील तीनदा बदललं, तरी तेल येतच होतं. चौथ्या वेळी पुलीच्या मानेवरून नख फिरवलं तेव्हा कळलं. सीलचा रबरी ओठ एकाच जागी घासून घासून लोखंडात चर पडला होता, आणि मी दर वेळी नवं सील त्याच चरावर बसवत होतो. मग ते जरासं पुढे सरकवून, कोऱ्या लोखंडावर बसवलं. मऊ रबराने लोखंड कापलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मधल्या काळात दोनदा जीप त्याच्याकडे नेली. त्याने दोन्ही वेळा तितक्याच गंभीरपणे डबा काढला, चहा सांगितला आणि रेघ दाखवली. "अजून चाळणीच गा." दुसऱ्या वेळी म्हणाला, "चाल, जेवून जाय. सुमननं अंबाडी केली." मी गेलो नाही. त्याच्या घरचं जेवण मी त्या दिवसापासून सोडलं होतं. आणि नुसता रुसूनही बसलो नव्हतो. माझ्या हातून जाणारी एकही गाडी मी त्याच्याकडे जाऊ दिली नाही. ओळखीच्या जीपवाल्यांना सांगत सुटलो की मिस्त्रीची नजर गेली. चार-पाच जणांनी ऐकलं, त्याचं काम कमी झालं. त्याने मला एका शब्दानेही विचारलं नाही. हे इथे लिहितो, कारण बाकी सगळं सांगून एवढंच गाळलं तर हा लेख गिऱ्हाइकासाठी धुतलेल्या इंजिनासारखा होईल.

शेवटची गळती सापडली ती एका चिंधीत. इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडायला एक पाइप असतो, त्याला ब्रीदर म्हणतात. सवारी नेत होतो तेव्हा पुढे बसणाऱ्या बाया त्याच्या वासाने नाकाला पदर लावायच्या, म्हणून मी त्या पाइपात माझ्या जुन्या लुंगीचा तुकडा कोंबला होता. कोंबला आणि विसरलो. आत कोंडलेल्या वाफेने तेलाला जिथून वाट मिळेल तिथून बाहेर ढकललं. इतकी वर्षं मी जोड बदलत होतो आणि इंजिनाचं नाक मीच दाबून धरलं होतं. चिंधी लाकडासारखी कडक झाली होती, पण निळ्या चौकड्या मी ओळखल्या. अंगणात एकटाच बसून बराच वेळ स्वतःला शिव्या दिल्या, मग एकदम आनंद झाला. तो पाइप मागे, खाली वळलेला. तिथवर शेषरावाची पावडर कधी पोचलीच नव्हती. म्हणजे हे त्यालाही दिसलं नव्हतं! चिंधी मी कागदात गुंडाळून ठेवली. कोरडी म्हणवून घेतल्यावर ती त्याच्या हातात द्यायची होती.

जीप मलाजखंडपर्यंत घाट चढवून आणली. महिनाभर रोज इंजिनाखाली पुठ्ठा ठेवला, तो कोरा राहिला. त्याच दिवशी गेलो असतो तर… पण मला पुरी सभा हवी होती. हसले होते ते सगळे हवे होते. गुरुजी मुलाकडे रायपूरला राहायला गेले होते. व्याह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. तोवर शेषरावाला जळवावं म्हणून मी दर बुधवारी जीप त्याच्या गॅरेजसमोर, रस्त्याच्या पलीकडच्या सिमेंटच्या जागेवर लावायचो. दहा ते बारा. सिमेंटवर तेलाचा ठिपका लपत नाही. मी टपरीवर बसून त्याच्याकडे बघायचो आणि तो पाठ करून काम करायचा. दोन वर्षांत त्याने एकदाही मान वळवली नाही. मी मनात म्हणायचो, जळ लेका, जळ.

शेषरावाच्या पुण्यानुमोदनाला मी विहारात गेलो तो केवळ वॉर्डात राहायचं म्हणून. वंदना झाली, लोक उठू लागले तशा सुमनवहिनी माझ्याकडे आल्या. हातात तो डबा होता.

"जय भीम भाऊजी. हा घ्या. तुमचा आहे म्हणे."

"माझा कसा?"

"कोणाले हात लावू देत नव्हते. म्हणत, वसंता येईन तवा लागन." मग त्या म्हणाल्या, "बुधवारी तुम्ही गाडी घेऊन गेले का हे रस्ता ओलांडून जात. खाली बसत अन् फरशीवर बोट फिरवत. घरी आले का मले सांगत, आजही कोरडी आहे वं."

माझं डोकं फिरलं. विहारात आहे हे विसरून मी ओरडलो, "मंग मले काहून नाही सांगितलं?" दोघं-तिघं वळून बघू लागले. वहिनी घाबरल्या नाहीत.

"मीनं पण हेच विचारलं. तर म्हणे, सांगितलं का तो गाडी विकून टाकन. मंग बुधवारी कोण येईन?"

डबा घेऊन घरी येईपर्यंत मी धुमसत होतो. या बोटांखालून शेकडो सौदे गेले, मला कोणी फसवू शकलं नाही. आणि या माणसाने तोंड न उघडता, मान न वळवता माझ्याकडून दोन वर्षांचे बुधवार काढून घेतले. मला वाटत होतं मी त्याला जळवतोय! तो शब्द त्याच्याजवळ तयार होता. दर आठवड्याला वहिनींना देत होता, मला देत नव्हता.

मग एका बुधवारी मी सभा भरवली. गुरुजी रायपूरहून आले, व्याही काठी टेकत आले, वहिनींनी गॅरेजचं शटर उघडलं आणि त्याच्या स्टुलावर बसल्या. मी इंजिन धुतलं, पुसलं, डबा उपडा करून भुरभुरलं, गाडी चालू केली आणि चहा सांगितला. चहा संपला तरी पांढरं ते पांढरंच. व्याही म्हणाले, "मानलं इवाई." गुरुजींनी बोट फिरवून बघितलं, "पूरी सूखी है भाई." अशा वेळी जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही असं लिहायची रीत आहे. मला वाटलं. चांगलंच वाटलं. पण चिंधी खिशात होती आणि ती कोणाच्या हातात द्यावी ते कळेना…

मग गुरुजी म्हणाले, "अब तो दे दो मुझे. बोलो, क्या लोगे?"

आठ वर्षांनी तेच गिऱ्हाईक, तीच जागा. बोलायला माझी जीभ पुढे आलीच होती. स्टुलावरून वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"विकायची नाही," मी म्हणालो.

शेषरावाला मी माफ केलेलं नाही. तो मला चाळणी म्हणाला हेही नाही आणि कोरडी म्हणाला नाही हे तर नाहीच. पण तो असंही म्हणाला होता की वसंता गाडी विकून टाकेल, आणि या एका बाबतीत मी त्याला खोटं पाडणार आहे. डबा आता जीपमध्ये काचेपुढे असतो, चिंधी त्याच्या खाली. जीप अजूनही त्याच सिमेंटवर लावतो, समोरचं शटर बंद असतं. निघताना मी जीप जरा पुढे घेतो, खाली उतरतो आणि सिमेंटवर बोट फिरवून बघतो… दर बुधवारी, दहा ते बारा.