मामांचे दोन खिसे

माझ्या मैत्रिणीच्या मामांइतक्या गंभीर चेहऱ्याने शेंगदाणे खाणारा माणूस सातारा-सांगली भागात दुसरा झाला नसेल. मूळचे कुंडलचे, नोकरी कोयनानगरच्या वीजप्रकल्पात. तिथल्या कॉलनीच्या कोर्टवर ते टेनिस शिकले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला निवृत्त होऊन सांगलीच्या विश्रामबागेत आले, ते जणू आम्हा मुलींचा खेळ तपासायलाच. मॅच सुरू झाली की हातात भाजलेल्या दाण्यांची पुडी. समोरच्या मुलीने कमावलेल्या पॉइंटचा दाणा नेहरू शर्टाच्या उजव्या खिशात, आम्ही फुकट घालवलेल्याचा डाव्या. मॅच संपली की दोन्ही खिसे वर्तमानपत्रावर ओतून ते निकाल सांगत. या पद्धतीत दोष एकच होता. खेळ रंगला की त्यांचा हात आपोआप खिशात जाई. एकदा त्यांनी मैत्रिणीचा अख्खा दुसरा सेट खाल्ला आणि खालच्या आवाजात तिला म्हणाले, "लय भारी खेळलीस, पर पुरावा न्हाई."

माझ्या मॅचला त्यांचा डावा खिसा कायम फुगलेला. चांगला फटका बसला की मी समोरच्या मुलीला हळूच "सॉरी" म्हणायचे आणि पुढचा पॉइंट देऊन टाकायचे. मामा जाळीपाशी येत. "कुणाच्या पायावर पाय पडला व्हय गं? अगं, कोयनेत जमीन हलायची तरी आमी सर्व्हिस करायचो. तुझी जमीन जागच्या जागी हाय, आन् तूच हलतीयास!"

बारावीनंतर मला पुण्याला राहून प्रोफेशनल स्पर्धा खेळायच्या होत्या. घरी हे मी एकदाच बोलले, तेही जेवताना, पाणी मागावं तसं. बाबा म्हणाले, "पुण्याची ती मुलगी येतेय ना, स्पर्धा खेळणारी? तिच्याशी खेळ. मामा म्हणतील तसं करू. नाहीतर इथलं इंजिनिअरिंग आहेच."

ती मॅच मी हरले. बाबा मामांकडे गेले. "काय म्हणतोय डावा खिसा?"

मामांनी दोन्ही खिसे उलटे केले. लालसर सालं तेवढी खाली भुरभुरली.

"खाल्लं की समदं, सायेब. कवा खाल्लं, कळलंच न्हाई. धाडा पोरीला."

बाबांनी शब्द पाळला. मी काही वर्षं गावोगाव खेळले, बहुतेकदा पहिल्याच फेरीत हरले, आणि कुणाला फारसं न कळता सांगलीला परत आले.

परवा कोर्टवर एकटीच सर्व्हिस मारत होते. मामा आले. पायरीवर बसून त्यांनी पुडी पुढे केली. "घे. आता मोजायचं न्हाई."

इतकी वर्षं न विचारलेलं मी विचारलं. "मामा, त्या दिवशी डावा खिसा भरला होता?"

"भरला व्हता गं. काठोकाठ." त्यांनी पुडीतला एक दाणा तोंडात टाकला. "पर त्या दिवशी तू एकदाबी सॉरी म्हनली न्हाईस. त्याला खिसाच न्हवता माझ्याकडं."