कुरकुंभ ते दौंड, आडव्या दांड्या

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार शिरूरच्या स्टँडजवळ टीव्ही दुरुस्त करणाऱ्या चाचांचे. शाळा सुटल्यावर वडगाव रासाईच्या एसटीला तासभर वेळ असायचा, तो मी त्यांच्या दुकानात काढायचो. सोल्डर मारायला आणि छपरावर अँटेना लावायला मी तिथं शिकलो. दहावीनंतर वडील मला शेतीत घेणार होते. तेव्हा चाचा सायकलवर आमच्या घरी आले. "आबा, ह्याला शिकू द्या. हात चांगला हाय ह्याचा." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या एका फेरीमुळे.

दोन हजार चार-पाच साल असेल. पुण्यातल्या एका लहान कंपनीत मी चाचणीवर होतो. कुरकुंभच्या एका कारखान्याच्या गच्चीवरून त्यांच्या दौंडच्या ऑफिसपर्यंत बिनतारी जोडणी करायची होती. दोन्हीकडे जाळीची अँटेना आणि तिला जोडलेला एकेक रेडिओचा डबा, मधे तार नाही. साहेबांनी बजावलं होतं, "संध्याकाळच्या आत पिंग आलं तर तू पक्का. नाहीतर उद्या दुसरा माणूस पाठवतो." पिंग म्हणजे इकडच्या हाकेला तिकडून आलेली ओ.

आदल्या दिवशी दोन्ही डबे एका टेबलावर ठेवून मी पत्ते, चॅनल, पासवर्ड सगळं भरलं होतं. टेबलावर दोघं काय सुरेख बोलत होते! गच्चीवर चढल्यावर मात्र त्यांनी अबोला धरला. मी कुरकुंभला होतो आणि दौंडच्या गच्चीवर आमचे जुने फिटर, मामा, होते.

"मामा, जरा डावीकडं," मी मोबाइलवर म्हणालो.

"कुणाच्या डावीकडं? मी तुमच्याकडं तोंड करून उभा हाय. माझं डावं ते तुमचं उजवं."

शेवटी डावं-उजवं बंद केलं. 'पुण्याकडं' आणि 'सोलापूरकडं' एवढंच ठेवलं. मामा बोटभर पुण्याकडं सरकले की लॅपटॉपवर सिग्नलचा आकडा चमकायचा.

"आलं! आलं, मामा! ...गेलं."

"साहेब, तुम्ही लिंक लावताय का टीव्हीवर क्रिकेटची मॅच?"

मी हसलो आणि हसता हसता माझ्याच अँटेनाकडे पाहिलं. जाळीच्या दांड्या आडव्या! टीव्हीच्या असतात तशा. चाचांच्या हाताखाली इतकी वर्षं आडव्या लावल्या होत्या की हातांनी मला विचारलंसुद्धा नव्हतं.

"मामा, तुमच्या दांड्या कशा हायेत?"

"उभ्या. कागदावर चित्र हाय तशा."

एक टोक उभं, एक आडवं. उभ्या दांड्यांची हाक आडव्यांना जवळजवळ ऐकूच येत नाही. कसं जमणार? मी माझी अँटेना उभी केली. पिंग आलं, पण निम्मं वाटेतच गळत होतं. मग आसपासच्या कारखान्यांच्या गच्च्यांवर नजर गेली. तिथल्या सगळ्या अँटेना उभ्याच होत्या. त्या गलक्यात आमची हाक हरवत होती.

"मामा, आता आपण दोघं आडवे होऊ."

"कवाचा वाट बघतोय, कंबर गेली माझी!"

दोन्ही टोकं आडवी केली, आणि ओ येऊ लागली. एकामागून एक, एकही न चुकता. मी गच्चीवर नाचलो. खाली दुसऱ्या शिफ्टला येणारे कामगार थांबून वर बघू लागले. एकानं विचारलं, "काय झालं ओ, मधमाशी चावली का?" मी वरून ओरडलो, "दौंड बोललं!" त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं टाळ्या वाजवल्या. साहेबांना फोन केला, तेव्हा ऊन अजून गेलं नव्हतं.

पुण्याच्या गाडीची वाट बघत दौंड स्टेशनच्या बाकावर मी हे पत्र लिहिलं:

"चाचा, सलाम. आज माझी नोकरी पक्की झाली. तुमच्या आडव्या दांड्यांनी आधी दुपारभर सगळं अडवलं आणि मग त्यांनीच सोडवलं. हातातली तुमची सवय जात नाही, आणि जाऊही नये. घरी अजून कळवलं नाही. रविवारी मी शिरूरला येतो. सायकलमध्ये हवा भरून ठेवा. आबांना तुम्हीच सांगायचं, मागच्या वेळी सांगितलं होतं तसं. मी मागं कॅरियरवर बसेन."