सौजन्याचा बाक

आमच्या पेठेच्या सुशोभीकरणासाठी आम्ही दुकानदारांनी वर्गणी भरली आणि माझ्या भांड्यांच्या दुकानासमोर ग्रॅनाइटचा बाक आला. तो बसवायला तिथला कडुनिंब तोडला.

आज भर दुपारी एक आजी बाकावर टेकल्या आणि चटका बसून ताडकन उठल्या.

“इथं झाड होतं ना हो?”

मला राग आला, पण काढणार कुणावर? वर्गणी म्हटली की आम्ही पेठेतली माणसं ‘किती?’ एवढंच विचारतो. गणपतीच्या वर्गणीपासूनची सवय; ‘कशासाठी?’ विचारणारा कंजूष ठरतो.

आजी माझ्या पायरीवर सावलीला बसल्या. बाकाच्या पाठीवरची अक्षरं त्यांनी सावकाश वाचली, “व्यापारी बांधवांच्या सौजन्याने.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अगं बाई, म्हणजे झाड तुमच्याच पैशांनी तोडलं!”