आठ पॉइंट कमी हवा

गाडीच्या टायरांच्या बाबतीत मी जरा चक्रम आहे, हे सांडोरच्या आमच्या अख्ख्या आळीला ठाऊक आहे. वडील केळीचे घड टेम्पोने बाजारात न्यायचे. मला गाडी शिकवायला त्यांनी सुरुवात केली ती चाकापासून. हवा बघायची ती सकाळी, चाक थंड असताना. गाडी पळून चाक तापलं की काटा खोटं दाखवतो, असं ते बजावायचे. म्हणून रविवारी सकाळच्या मिस्साला जाताना मी आधी पापडीच्या पेट्रोल पंपावर हवा बघायला थांबतो आणि मग देवाकडे जातो. चारही चाकांत तेहतीस पॉइंट. टायरांच्या खाचांत रुतलेले खडे मी जुन्या स्क्रूड्रायव्हरने एकेक करून काढतो. बायको पायरीवर बसून बघायची. म्हणायची, "माझ्या हातापायांकडे कधी बघितलंत का एवढ्या प्रेमाने?"

नव्हतं बघितलं. बघायची वेळ आली तेव्हा आजार तिच्या मणक्यांपर्यंत पोचला होता.

उपचारांसाठी आठवड्यातून दोनदा तिला गाडीने न्यावं लागायचं. आमच्याकडचे रस्ते कसे आहेत ते काय सांगायचं? खड्डा बुजवतात म्हणजे त्या जागी टेंगूळ आणून ठेवतात. दरवाजाच्या वरची मूठ धरून ती बसायची आणि हादरा बसला की "आई गं" म्हणायची. ओरडायची नाही, अगदी हळू म्हणायची. ओरडायचो मी. रिक्षावाल्यांवर, मध्येच वळणाऱ्या स्कूटरवाल्यांवर, कधी नुसताच काचेवर. तिच्यासाठी काही करता येत नव्हतं आणि मला ते सहन होत नव्हतं, म्हणून मी सगळ्या गावाच्या अंगावर जात होतो.

मग मला वडिलांची एक गोष्ट आठवली. वाडीतली बाळंतीण किंवा एखादं आजारी माणूस न्यायचं असलं, की ते टेम्पोच्या चाकांतली हवा थोडी काढायचे. गादीवरून गेल्यासारखं वाटतं, असं बायका सांगायच्या. मी मंगळवारी सकाळी अंगणात उकिडवा बसलो आणि चारही चाकांतली हवा पंचवीसवर आणली. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम हवा सोडली. तो फुसफुस आवाज ऐकताना मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो.

आणि गाडी खरंच मऊ चालली. त्या दिवशी परत येताना ती गाडीत झोपली. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं. मी तिला घरी येऊनही दहा मिनिटं उठवलं नाही.

वडिलांची गोष्ट मी अर्धीच लक्षात ठेवली होती. त्यांचा टेम्पो मातीच्या रस्त्याने माणसाच्या चालीने जायचा आणि परत आल्यावर ते आधी हवा भरायचे, मग जेवायचे. माझी गाडी डांबरी रस्त्यावरून जात होती, तिचे टायर बुटके, आणि मी तीन आठवडे ती तशीच चालवली. मी, ज्याने शेजाऱ्यांना कमी हवेवरून भाषणं दिली होती.

तिसऱ्या आठवड्यात अवकाळी पाऊस होऊन गेला होता. खड्डा पाण्याने भरला होता, मला डबकं वाटलं. पुढचं डावं चाक आत गेलं आणि दगडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज झाला. ती "आई गं" म्हणाली नाही.

फरफटत गाडी पंक्चरवाल्यापर्यंत नेली. म्हातारा होता, बरीच वर्षं तिथेच बसणारा. त्याने चाक काढलं. रिमचा काठ वाकला होता आणि त्या काठाने टायर बाजूने चिरला होता. मग त्याने उरलेल्या तीन चाकांना काटा लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"साब, हवा इतना कम? हवा बराबर होता तो शायद कुछ नहीं होता. किसने निकाला?"

"अपने आप निकल गया होगा," मी म्हणालो.

"चारों का?"

गाडीची काच उघडी होती. ती समोर बघत होती.

दोन दिवसांनी तिला पाय उचलता येईनात. मणका दबला होता. डॉक्टरांनी विचारलं, "कुठे पडलात का? धक्का बसला का कसला?" मी तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, "मोरीत पाय घसरला, डॉक्टर. ह्यांना ठाऊक नाही, मी सांगितलंच नव्हतं."

मी तोंड मिटलं. नंतर घरीही आम्ही त्यावर बोललो नाही. बोलायला अडीच महिने होते. मी रोज ठरवायचो आणि रोज तिची उशी नीट करून बाहेर यायचो.

तिच्या मातीला मुलगी पुण्याहून आली. पाहुणे गेल्यावर मोरीच्या दारात उभी राहून रडत म्हणाली, "पप्पा, एक रबरी चटई टाकायला काय झालं होतं तुम्हाला? टायर तेवढे बघत बसलात." दुसऱ्याच दिवशी तिने चटई आणून टाकली.

फादरांपुढे मी सगळं कबूल केलं आहे. त्यांनी क्षमा केली. त्यांना काय जातं? गाडी आता रविवारीच बाहेर निघते, चारही चाकांत तेहतीस घेऊन. वाकलेली रिम मागच्या पडवीत पडून आहे. मुलगी विचारते तेव्हा जुनी आहे म्हणतो.

रोज सकाळी मी त्या चटईवर उभा राहून आंघोळ करतो. ती आता झिजली आहे, कडेने फाटली आहे. काल मुलीचा फोन आला होता, येताना नवी आणू का म्हणून.

मी म्हणालो, "आण."