ओहायोचा निकाल आणि बाबांचा दहावा

सिंगापुरात, बुकित पंजांगला आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबत नसे. जुन्या इमारतीत ती ठरावीक मजल्यांवरच थांबायची, उरलेला जिना पायी. बाबांच्या हृदयाला तो जिना झेपत नव्हता. इलाजासाठी मी आईबाबांना पुण्याहून आणलं, आणि दवाखान्याच्या फेऱ्या सोडल्या तर बाबा त्या फ्लॅटबाहेर पडलेच नाहीत. फेरीच्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवून दोघांनी उतरवावं लागे. ते डोळे मिटून घेत.

पुण्यात निवडणूक लागली की लोक त्यांना रस्त्यात अडवून विचारत, "काका, कोण येतंय?" इथे विचारणारं कोणी नव्हतं. मी पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी पण नागरिक नव्हे, मला मत नाही. ते मुदतीच्या पासवर, त्यांना तर नाहीच. आमच्या भागात गेल्या खेपेस निवडणूक बिनविरोध झाली होती, म्हणजे शेजाऱ्यांनीही मत दिलं नव्हतं. हे कळल्यावर बाबा बराच वेळ खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत राहिले.

मग त्यांनी ओहायो धरलं. माझी धाकटी बहीण तिथे राहते. अमेरिकेचा अध्यक्ष त्या वर्षी त्याच राज्यावर ठरणार असं सगळे म्हणत होते. बाबांनी एक पक्ष आपला मानला आणि बहिणीला रोज फोनवर कामाला लावलं. "अंगणात पाट्या कोणाच्या जास्त आहेत? कारखाना बंद पडला तिथले लोक काय म्हणतात? मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना न्यायला गाड्या कोणाच्या?" ती म्हणायची, "बाबा, इथे सगळ्यांकडे स्वतःची गाडी असते." त्यावर ते म्हणायचे, "म्हणूनच पडाल."

मतदानाच्या आठ दिवस आधी ते गेले. बहिणीच्या ग्रीन कार्डाचं काम अर्धवट होतं. देश सोडला असता तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. ती येऊ शकली नाही.

दहावा आला तो नेमका अमेरिकेतल्या मोजणीच्या वेळी. तिथली मंगळवारची रात्र, आमची बुधवारची सकाळ. समुद्रकाठच्या एका बागेत आम्ही विधी केला. गुरुजी आयटीतले, हौसेनं पौरोहित्य शिकलेले, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. पिंड मांडले, आणि आम्ही तिघं मागे सरून कावळ्याची वाट बघू लागलो.

कावळे होते. पलीकडच्या हॉकर सेंटरवर, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, ताटल्यांतल्या उरलेल्या नूडल्स ओढत होते. आमच्याकडे एकही फिरकेना. एक साळुंकी आली आणि तिनं भाताला चोच लावली.

"चालेल का हो?" आईनं विचारलं.

"नाही काकू. कावळाच हवा." गुरुजी माझ्याकडे वळले. "काही इच्छा राहिली असेल त्यांची. बोला तुम्ही. शब्द द्या."

मी पुढे झालो. आईला सांभाळीन म्हणालो. तिची आणि बहिणीची भेट घडवीन म्हणालो. कावळा येईना. ऊन चढलं. बागेत पक्ष्यांना खायला घालायची मनाई होती, गुरुजी सारखे रस्त्याकडे बघत होते.

आई एकदम म्हणाली, "त्यांना ओहायोचं सांग."

मी बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "दिवसभर पाऊस होता दादा. लोक रांगेत भिजत उभे होते. अजून काही सांगता येत नाही. शहरांतली मतं यायचीत."

"काय म्हणतेय?" आई.

"मोजणी चालू आहे."

"मग जिंकले म्हण ना! त्यांना काय टीव्ही दिसतोय?"

"आई, असं कसं म्हणू?"

"एवढा कसला रे तू हरिश्चंद्र? तो जीव तिकडे अडकलाय आणि तू मोजणीचं काय सांगतोस!"

माझा या सगळ्यावर फारसा विश्वास नव्हता. तरीही त्या पिंडासमोर माझ्या तोंडून ते वाक्य निघेना. आघाडीला विजय म्हणणाऱ्या माणसाशी बाबा जिवंतपणी दोन-दोन दिवस बोलत नसत. ते ऐकत नसतील तर माझ्या खोटं बोलण्याला अर्थ नव्हता, आणि ऐकत असतील तर ते त्यांना लगेच कळलं असतं. आई पाठीमागे रडत होती. मी हात जोडून म्हणालो, "बाबा, मोजणी चालू आहे. निकाल लागला की असेल तसा सांगतो."

कावळा आला नाही. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. आई त्याकडे पाठ करून उभी होती. परतीच्या एमआरटी मेट्रोत ती माझ्यापासून लांब बसली.

घरी येऊन अंघोळी झाल्या. बाबांच्या फोटोपुढे दिवा तेवत होता. मी टीव्ही लावला. दुपारी कधीतरी एका वाहिनीनं ओहायो दुसऱ्या पक्षाला देऊन टाकलं. बाकीच्या वाहिन्या थांबल्या होत्या, पण मोजायचं फार उरलेलं दिसत नव्हतं. आई केव्हा मागे येऊन उभी राहिली मला कळलं नाही.

"पडले ना?"

"पडले असंच दिसतंय."

मला वाटलं ती म्हणेल, बघ, म्हणूनच आला नाही कावळा. पदरानं तिनं फोटोची काच पुसली.

"सांग मग त्यांना. शब्द दिलायस."

मी फोटोसमोर मांडी घालून बसलो. सकाळी न निघालेलं खोटं आणि आता सांगायचं खरं, दोन्ही मला सारखीच जड वाटली. "बाबा," मी म्हणालो, "ओहायो गेलं. आपले पडले."

आई शेजारी टेकली. तिचा आवाज सकाळपेक्षा पुष्कळ खाली आला होता.

"नुसतं पडले काय म्हणतोस? किती मतांनी पडले ते सांग. विचारतील ते."

ते अजून कुणालाच माहीत नव्हतं.